परदेशी भाषांमध्ये पीएचडी: ट्रेनिंग कुठे मिळतं, सोबत कुठे मिळते?

मृण्मयी_आर
नमस्कार मंडळी. मी जर्मनमध्ये पीएचडी करतेय. राहते पुण्यात, रजिस्ट्रेशन मात्र दुसऱ्या गावच्या विद्यापीठात आहे कारण गाईड तिथे मिळाल्या. कोर्सवर्क झालंय, विषय मंजूर झालाय, आता खरं काम सुरू झालंय आणि नेमकं इथूनच पुढे बरोबर कोणीच नाहीये.

विषय थोडक्यात सांगते. बासेल मिशनचे, म्हणजे स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले, मग धारवाड-हुबळीकडे सरकले. त्यांनी मुख्यालयाला जी पत्रं आणि अहवाल जर्मनमध्ये लिहून पाठवले त्यात हा सगळा मुलूख कसा दिसतो यावर मला लिहायचंय (धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळे मला ते परकं वाटतच नाही). छापील अहवाल वाचता येतात, पण हाताने लिहिलेली पत्रं जुन्या जर्मन वळणात आहेत, कुरेंट म्हणतात त्याला. माझं जर्मन चांगलं आहे, सी१ म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा केलीय, शिकवते पण. तरी ते पान समोर आलं की एक ओळ लागत नाही.

आता कोर्सवर्कमध्ये काय शिकवलं? सॅम्पल साईज कसा ठरवायचा, प्रश्नावली कशी करायची, हायपोथिसिस टेस्टिंग. सगळ्या विषयांचे लोक एकाच वर्गात, कॉमर्सवाले, मॅनेजमेंटवाले, आणि कोपऱ्यात मी. त्यांना त्याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही, पण दप्तरात जाऊन कागद कसा मागायचा, प्रबंध तिसऱ्या भाषेत लिहायचा तर एवढं मोठं लिखाण सांभाळायचं कसं, परदेशी जर्नलला पेपर पाठवताना काय बघतात, यातलं काही कोणी सांगितलं नाही. गाईड मॅडम खूप चांगल्या आहेत पण त्यांच्या डोक्यावर बीए-एमएचे वर्ग, परीक्षा, नॅकचं म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं काम, त्यांना किती त्रास देणार.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तुम्ही हे सगळं कुठे शिकलात? दोन, भाषेत पीएचडी करणारे बाकी लोक भेटतात कुठे? फ्रेंच, रशियन, जपानी, पोर्तुगीज, कुठलीही भाषा चालेल.

केदार_लंडन
मी इथे फ्रेंचमध्ये करतोय, शेवटच्या वर्षात आहे. इकडची व्यवस्था कशी उभी राहिली ते सांगतो, कारण ती आपोआप आलेली नाहीये.

२००२ मध्ये इथे सर गॅरेथ रॉबर्ट्स यांचा एक अहवाल आला. तो खरं तर सायन्स आणि इंजिनीअरिंगच्या मनुष्यबळावर होता, भाषांचा त्यात काही संबंध नव्हता. पण त्यात एक शिफारस अशी होती की पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून किमान दोन आठवडे वेगळं ट्रेनिंग मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी सरकारने वेगळा पैसा दिला. तो पैसा सगळ्याच शाखांपर्यंत आला आणि भाषांच्या विभागांनाही पहिल्यांदा विचार करावा लागला की आमच्या मुलांना नेमकं काय शिकवायचं. त्याआधी इथेही तुमच्यासारखंच होतं, गाईडने पुस्तकांची यादी द्यायची आणि तीन वर्षांनी भेटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाऊसमध्ये एक संस्था आहे. १९५० मध्ये जर्मॅनिक स्टडीजची संस्था म्हणून सुरू झाली, २००४ मध्ये रोमान्स भाषांची संस्था तिच्यात मिसळली, २०१३ पासून इन्स्टिट्यूट ऑफ मॉडर्न लँग्वेजेस रिसर्च आणि २०२२ पासून इन्स्टिट्यूट ऑफ लँग्वेजेस, कल्चर्स अँड सोसायटीज असं नाव आहे. तिचं वैशिष्ट्य हे की ती फक्त स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी नाहीये, देशभरातल्या भाषांच्या पीएचडीवाल्यांसाठी ट्रेनिंगचे दिवस ठेवते. एखाद्या छोट्या विद्यापीठात इटालियनमध्ये पीएचडी करणारा एकच मुलगा असतो, त्याच्यासाठी त्याचं विद्यापीठ वेगळा वर्ग कुठून काढणार? पण सगळीकडचे असे एकेकटे गोळा केले की वर्ग होतो. मृण्मयी, तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथेच दिसतंय. तुमच्याकडे माणसं कमी नाहीत, ती विखुरलेली आहेत.

अभिजित_फ्रेंच
केदार, चांगली माहिती, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. ट्रेनिंग ट्रेनिंग करत आपल्याकडे काय झालंय ते बघा. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा ऑनलाइन वर्कशॉप, 'संशोधन पद्धती' असं नाव, दोनशे लोक कॅमेरा बंद करून बसलेले, शेवटी गुगल फॉर्म भरला की पीडीएफ सर्टिफिकेट. ती सर्टिफिकेटं फाईलला लावायला बरी, त्यातून एकाचाही प्रबंध पुढे गेलेला मी पाहिला नाहीये. भाषेतलं संशोधन म्हणजे शेवटी वाचन. जो दिवसाला पन्नास पानं मूळ भाषेत वाचतो त्याला वर्कशॉप लागत नाही, आणि जो वाचत नाही त्याला शंभर वर्कशॉप करूनही काही येत नाही.

मांडवीकाठ
अभिजित, वाचनाचं बरोबर आहे पण वाचताच येत नसेल तर? मृण्मयीचा प्रश्न तोच आहे ना.

मी गोव्यात पोर्तुगीजवर काम करतो, पणजीच्या दप्तरखान्यात. तिथे मोन्सोंइश दु रैनु नावाचे गठ्ठे आहेत, म्हणजे लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये पावसाळी वाऱ्यांवर जहाजांनी जो पत्रव्यवहार जायचा-यायचा तो. भाषा पोर्तुगीजच, पण सतराव्या शतकातला कारकून काही पूर्ण शब्द लिहीत बसत नाही. क्यू काढून त्यावर एक वेलांटीसारखी रेघ मारली की झाला 'के' (que) हा शब्द, नावं अर्धी, हुद्दे अर्धे, शेवटची अक्षरं छोटी करून वर टांगलेली. आधुनिक पोर्तुगीजमध्ये तुम्ही कितीही कादंबऱ्या वाचा, ही ओळ तुम्हाला त्यातून येणार नाही. ती कोणीतरी शेजारी बसून दाखवावी लागते.

आम्ही काय केलं सांगतो. आम्ही तिघं जण, त्यातला एक इतिहासवाला, एक भाषावाली आणि मी, असे एकत्र वाचायला बसतो. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं, तिसऱ्याने फक्त मूळ कागदावर बोट ठेवून 'थांब, हे तसं नाहीये' म्हणायचं. मग कामं बदलायची. सुरुवातीला एका बैठकीत अर्धं पान होत नव्हतं. आता एखादा कारकून ओळखीचा झाला की दोन-तीन पानं होतात, कारण प्रत्येकाची सवय कळते, हा 'र' कसा काढतो, तो ओळीच्या शेवटी शब्द कसा तोडतो. लिस्बनच्या तोर्रे दु तोंबुनं, म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानं, बरंच काही ऑनलाइन टाकलंय, त्यामुळे दप्तरात जायला जमलं नाही तरी सराव थांबत नाही. हे ट्रेनिंगच आहे, सर्टिफिकेट नाही मिळत एवढंच.

गौरी_ह
मी जर्मनीत आहे, जर्मन साहित्यातच करतेय. मृण्मयी, कुरेंटचं अजिबात घाबरू नकोस, ते शिकता येतं आणि मनापासून सांगते, त्यात मजा आहे.

थोडं लगेच उपयोगी पडेल असं सांगते. कुरेंटमध्ये ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून सुरुवातीला सगळं पान म्हणजे नुसत्या उभ्या काड्यांची रांग वाटते. यू वर एक छोटा चंद्रासारखा कंस असतो, तो केवळ एनपासून वेगळा ओळखता यावा म्हणून, तर आधी पानभर ते कंस शोध. एचला वर आणि खाली दोन्हीकडे फास असतो, तोही पटकन सापडतो. आणि तुझ्या कामात सगळ्यात मोठा आधार हा की बरेच लोक परक्या भाषेतले शब्द आणि नावं लॅटिन वळणात लिहायचे, बाकी मजकूर कुरेंटमध्ये आणि मध्येच गावाचं नाव आपल्या ओळखीच्या अक्षरात. तुझ्या पत्रांत धारवाड, हुबळी, माणसांची नावं अशीच निघायची शक्यता खूप आहे. आधी ती सगळी शोधून खुणा कर, मग त्यांच्या आजूबाजूने वाच.

स्युटरलिन आणि कुरेंट एक समजू नकोस. स्युटरलिन १९११ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी केलेलं सोपं वळण आहे, इंटरनेटवरचे बरेच तक्ते त्याचे असतात आणि १८५०च्या पत्राला ते पुरे पडत नाहीत. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रियात इन्सब्रुक विद्यापीठात त्याचं काम सुरू झालं, ते हस्ताक्षर वाचून टाईप करून देतं. वापर जरूर, पण स्वतःला वाचता यायला लागल्यावर, नाहीतर ते चुकलंय कुठे हे कळायचं नाही.

आणि सोबतीचं. इथे प्रत्येक प्रोफेसरचं एक कोलोक्वियम असतं, त्यांच्याकडे पीएचडी करणारे सगळे सेमिस्टरभर ठरावीक दिवशी बसतात आणि एकेकाने आपलं चालू प्रकरण, कच्चंच, आधी सगळ्यांना पाठवायचं. बाकीच्यांनी वाचून यायचं. कोणी भाषण करत नाही, थेट पान अमुक, परिच्छेद तमुक, इथे तुझा मुद्दा निसटला. सुरुवातीला फार लागतं मनाला. नंतर त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. इथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थेने १९९० पासून एकाच विषयाभोवती दहा-पंधरा पीएचडीवाल्यांचे गट पण सुरू केलेत, त्यांना स्टायपेंड, प्रवासखर्च सगळं मिळतं, पण त्यात सगळ्यांना जागा नाही मिळत. कोलोक्वियमला मात्र एक खोली आणि वाचून येणारी माणसं एवढंच लागतं.

मृण्मयी_आर
गौरी!! आत्ता एक स्कॅन उघडून कंस शोधले. खरंच दिसतायत. आणि तिसऱ्या ओळीत हुबळी आहे, स्वच्छ लॅटिन अक्षरात. इतके दिवस मी ती ओळ सोडून पुढे जात होते.

दमयंती_ब
मी रशियन शिकवायचे, आता निवृत्त आहे. दोन शब्द बोलते, लांबलं तर माफ करा.

आमच्या वेळी ट्रेनिंग आणि सोबत दोन्ही सोव्हिएत सरकारच्या कृपेने मिळायचं. मॉस्कोला पुश्किन इन्स्टिट्यूट होती, भारतातले रशियनचे शिक्षक तिथे जायचे. मुंबईत पेडर रोडवर सांस्कृतिक केंद्र होतं, पुस्तकं अतिशय स्वस्त, आणि पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे, दिल्लीचे लोक एकमेकांना मॉस्कोत भेटलेले असल्यामुळे ओळखी आयुष्यभराच्या. १९९१ नंतर हे सगळं एकदम आटलं. तेव्हा लक्षात आलं की आमची सोबत दुसऱ्याच्या पैशावर उभी होती, आम्ही स्वतःचं असं काही बांधलं नव्हतं. आज जर्मनवाल्यांना डाड (जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था) आणि मॅक्सम्युल्लर भवन आहे, फ्रेंचवाल्यांना आलियाँस आहे, जपानीवाल्यांना जपान फाउंडेशन आहे. त्यांचा फायदा घ्याच. पण त्यांच्यावर विसंबून राहू नका, हे मी कळकळीने सांगते.

दुसरं, नियम वाचत जा मुलांनो. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमावलीत कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं आहे, संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय त्यात येतोच, पण त्याच नियमावलीत असंही आहे की शाखा कुठलीही असो, पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी निगडित अध्यापन किंवा लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. आपल्या विषयाशी निगडित, हे महत्त्वाचं. म्हणजे मृण्मयी, तू विभागप्रमुखांना अर्ज करू शकतेस की जर्मनमधून प्रबंधलेखन आणि हस्तलिखितवाचन हे माझं विषयाशी निगडित प्रशिक्षण आहे, ते अमुक ठिकाणी घ्यायला परवानगी द्या. तोंडी बोलू नकोस, लेखी दे. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे जावं लागतं ना, तिथेही हेच मांड. समितीत विषयाबाहेरचे लोक असतात, त्यांना अडचण माहीतच नसते, सांगितली की बऱ्याचदा मदत करतात.

आणि गाईडच्या बाजूने एक. प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी असू शकतात. जो विद्यार्थी महिन्याला दोन पानं पाठवतो त्याची दोन पानं वाचली जातात. जो वर्षाने दीडशे पानं आणून टेबलावर ठेवतो त्याची वाचायला वर्ष लागतं. त्रास होईल म्हणून लांब राहू नकोस, थोडं थोडं पाठव.

शंतनू_जपानी
बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो, नाहीतर नुसतं वाचतच होतो.

मी मराठवाड्यातला, घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. जपानी शिकलो ते पुण्यात नोकरी मिळते म्हणून, आयटी कंपन्यांना माणसं लागतात, मग साहित्याची गोडी लागली आणि पीएचडीला आलो. एका सरकारी संस्थेची फेलोशिप आहे पण हप्ते इतके उशिरा येतात की मधल्या काळात क्लास घेऊन खर्च भागवावा लागतो, त्यात संध्याकाळ जाते. यूजीसीच्या जेआरएफला, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, पण जपानीत नेट देणारे कमी आणि जेआरएफ त्याहून कमी लोकांना मिळते.

मला एवढंच सांगायचंय की ट्रेनिंगआधी माहिती. कॉन्फरन्ससाठी पेपर मागवतात हेच मला फार उशिरा कळलं, कारण ते ईमेल ज्या लोकांच्या यादीत फिरतात त्या यादीत आपलं नाव घालायला कोणीतरी ओळखीचं लागतं. ज्याचे आईवडील प्राध्यापक त्याला हे जेवताना ताटावर बसून कळतं. आम्हाला कोण सांगणार? म्हणून जे काही कराल त्यात एक साधी शीट ठेवा, सगळ्यांना उघडी, त्यात शेवटच्या तारखा, स्कॉलरशिप, कुठल्या दप्तरात काय आहे, कुठला गाईड रिकामा आहे. आणि ठेवाल ते ऑनलाइन ठेवा, पुण्याला येण्याजाण्याचे पैसे प्रत्येकाकडे नसतात.

अभिजित_फ्रेंच
शंतनू, हा मुद्दा पटला, शंभर टक्के. शीट मी सुरू करतो, फ्रेंचचं तर आजच भरतो. माझ्याकडे पाचसहा वर्षांच्या कॉन्फरन्सचे मेल पडून आहेत, कोणत्या महिन्यात काय निघतं ते त्यावरून कळेल.

आणि मांडवीकाठ यांनी लिहिलंय ते वाचून माझं म्हणणं थोडं बदलून सांगतो. माझा राग वर्कशॉपवर आहे, एकत्र वाचण्यावर नाही. वेब ऑफ सायन्स हा शोधनिबंधांचा डेटाबेस कसा वापरावा हे दोनशे लोकांना एकदम सांगण्यापेक्षा चार जणांनी एक पान नीट वाचणं मला कधीही चालेल.

केदार_लंडन
इकडचं सगळं छान चाललंय असं वाटायला नको म्हणून सांगतो. २०२३च्या अखेरीस ॲबर्डीनमध्ये आधुनिक भाषांची स्वतंत्र ऑनर्स डिग्री बंद करायचा प्रस्ताव आला, २०२५ मध्ये कार्डिफमध्ये भाषांच्या विभागावरच गदा आली, बराच गदारोळ झाला. शाळेतच भाषा घेणारी मुलं कमी झाली की विद्यापीठात विभाग आक्रसतो आणि पीएचडीवाला आणखी एकटा पडतो. अशा वेळी आम्हाला धरून ठेवलं ते विषयांच्या जुन्या मंडळांनी, फ्रेंच अभ्यासाची सोसायटी १९४७ची आहे, जर्मनवाल्या बायकांची वेगळी आहे, तिथे नवीन पीएचडीवाल्यांना मुद्दाम बोलायला उभं करतात. म्हणून दमयंतीबाईंचं मला फार पटलं. विभाग असो नसो, मंडळ असलं पाहिजे.

गौरी_ह
पुण्यात तर याची सवय जुनी आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं, तिथे मोडीचे वर्ग होतात, बँकेतून रिटायर झालेले काका आणि कॉलेजची मुलं एका बाकावर बसून पेशवाईतला कागद लावतात. मी तिथेच मोडी शिकले आणि इथे आल्यावर कुरेंटला बिचकले नाही, कारण न लागणाऱ्या अक्षराशी किती वेळ बसायचं याची सवय झाली होती. मोडीचा वर्ग चालतो तर कुरेंटचा का चालू नये? मी शिकवते. खरंच. पैसे वगैरे काही नको.

मृण्मयी_आर
मला आत्ता काय बोलावं कळत नाहीये. ठरवूनच टाकूया का?

शनिवारी संध्याकाळी साडेसात आपल्याकडे, म्हणजे थंडीत लंडनला दुपारचे दोन, जर्मनीत तीन. एक शनिवार कागदवाचन, गौरी कुरेंट घेईल, मांडवीकाठ यांना जमलं तर पोर्तुगीज. पुढचा शनिवार कोलोक्वियम, एकाने आपली जास्तीत जास्त दहा पानं बुधवारपर्यंत पाठवायची, बाकीच्यांनी वाचूनच यायचं. पानं प्रबंधाच्या भाषेत असली तर त्या भाषेचा किमान एक माणूस हजर हवा आणि बाकीच्यांसाठी मराठीत किंवा इंग्रजीत एक पानाचा सारांश. चर्चा मराठीत. दमयंतीबाई, तुम्ही महिन्यातून एकदा तरी याल का? तुम्ही प्रश्न विचारलात तर आम्हाला व्हायव्हाची, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची, सवय होईल. पहिली पानं माझी घ्या, पहिलं प्रकरण फारच विस्कळीत झालंय. अर्जाचा मसुदा आज रात्री करते आणि इथेच टाकते म्हणजे बाकीच्यांना पण वापरता येईल.

दमयंती_ब
येईन की. मात्र पानं मला मोठ्या अक्षरात पाठवा आणि तळटिपा पूर्ण असू द्या, तळटिपा मी आधी वाचते.

मांडवीकाठ
मी आहे. आमच्यातल्या इतिहासवाल्यालाही आणतो, तो मराठी बोलतो बऱ्यापैकी.

शंतनू_जपानी
साडेसातला माझा क्लास सुटतो, पाचदहा मिनिटं उशीर होईल. रेकॉर्डिंग ठेवाल का?

अभिजित_फ्रेंच
कागदवाचनाचं ठेवूया, कोलोक्वियमचं नको. कच्चं लिखाण आहे, माणूस मोकळं बोलला पाहिजे.

स्पॅनिश_सायली
आत्ताच धागा पाहिला. मी स्पॅनिशमध्ये करतेय, नागपूरहून, माझ्या विद्यापीठात या भाषेत पीएचडीला मी एकटीच आहे. अजून सिनॉप्सिस म्हणजे विषयाचा आराखडाच चाललाय, कोर्सवर्क पण व्हायचंय. चालेल का?

मृण्मयी_आर
अगदी चालेल. सिनॉप्सिस घेऊन ये, दुसऱ्या कोलोक्वियमला तुझंच घेऊ. शीटमध्ये स्पॅनिशचा रकाना रिकामा आहे, तो तुझ्याकडे.